आधी कारण शोधा, मग पाना उचला

‘नवी गाडी चालू होईनाशी झाली की गावात तिचं काही करता येत नाही. ओढून शहरात न्यायची, स्कॅनर लावायचा आणि तो दाखवेल तो पार्ट बदलून टाकायचा.’ हे मत आष्ट्यात आता सर्वमान्य झालं आहे. गाडीमालक ते बोलतात, शहरातल्या सर्व्हिस सेंटरचे लोक ते पसरवतात आणि दुःखाची गोष्ट म्हणजे हाताखाली शिकणारी तरुण पोरंही तेच म्हणू लागली आहेत. पेठनाक्यावरून सांगलीकडे येताना आष्ट्याच्या आसपास रस्त्याच्या कडेला जी गॅरेजं लागतात, त्यांच्यातल्या जुन्या फिटरांनी आयुष्यभर जे काम केलं, ते या एका मतामुळे कालबाह्य ठरवलं जात आहे. हे मत चुकीचं आहे आणि ते लोकांच्या खिशाला चाट लावतं, असं माझं स्पष्ट म्हणणं आहे.

आधी समोरच्याची बाजू नीट मांडली पाहिजे. तिच्यात तीन मुद्दे आहेत. पहिला, आजची गाडी म्हणजे चाकांवरचा कॉम्प्युटर आहे, त्यामुळे तिचा दोषही कॉम्प्युटरच सांगू शकतो. दुसरा, शोधत बसण्यापेक्षा संशयित भाग बदलणं स्वस्त आणि झटपट पडतं. तिसरा, गावातल्या फिटरचं शिक्षण जुन्या गाड्यांवर झालं आहे, त्याच्या हातात नवी गाडी देणं धोक्याचं आहे. तिन्ही मुद्द्यांत थोडं तथ्य आहे. पण त्यांतून निघणारा निष्कर्ष मात्र तिन्ही वेळा खोटा ठरतो.

गाडी ‘चालू होत नाही’ ही तक्रार झाली. तिच्या पोटात दोन वेगवेगळे आजार असतात. एकात किल्ली फिरवली तरी इंजिन फिरतच नाही. दुसऱ्यात इंजिन फिरतं, पण पेटत नाही. या दोहोंचा एकमेकांशी जवळजवळ काही संबंध नाही. इंजिन फिरत नसेल तर डिझेल, प्लग, पंप यांच्याकडे बघण्यात अर्थ नाही. दोष बहुधा बॅटरी, तिची टोकं, जाडजूड केबली, रिले, स्टार्टर किंवा इग्निशन स्विच यांच्यात असतो. इंजिन जोमानं फिरत असेल तर बॅटरी आणि स्टार्टर निर्दोष सुटले; आता इंधन, ठिणगी, हवा आणि किल्ली ओळखणारा इमोबिलायझर यांची चौकशी करायची. हा एक प्रश्न विचारला की निम्मी गाडी संशयातून बाहेर पडते. त्यासाठी लागतात फक्त कान.

कान आणखी बरंच सांगतात. किल्ली फिरवल्यावर ‘टकटकटकटक’ असा भराभर आवाज आला, तर रिले किंवा सोलेनॉइड ओढला जातो आहे, पण जोर पुरत नाही म्हणून लगेच सुटतो आहे. बॅटरी उतरली आहे किंवा टोक ढिलं आहे. एकच ठसठशीत ‘टक’ आला आणि पुढे शांतता, तर स्टार्टर अडकला आहे, त्याचे कार्बन झिजले आहेत किंवा करंटची वाट कुठेतरी तुटली आहे. काहीच आवाज नाही, पण हेडलाइट मात्र लख्ख, तर करंट स्टार्टरपर्यंत जातच नाही. हल्लीच्या बऱ्याच गाड्या क्लच पूर्ण दाबल्याशिवाय, आणि ऑटोमॅटिक असेल तर ब्रेक दाबून गिअर पार्क किंवा न्यूट्रलमध्ये असल्याशिवाय, स्टार्टरला करंटच देत नाहीत. क्लचखालचा तो छोटा स्विच बिघडला तर सगळी गाडी मेल्यासारखी वाटते. हेडलाइट लावून किल्ली फिरवावी: दिवे पूर्ण विझले तर जोडणीत दोष, मंद झाले तर बॅटरी कमजोर किंवा स्टार्टर जाम, जसेच्या तसे राहिले तर दोष बॅटरीच्या पुढे. ही चाचणी बिनपैशाची आहे आणि ती जुन्या प्रीमियर पद्मिनीला लागू होती तशीच आजच्या बऱ्याच एसयूव्हींनाही लागू आहे. कारण स्टार्टर अजून तोच आहे. १९१२ साली अमेरिकेत कॅडिलॅकच्या गाडीत विजेचा सेल्फ स्टार्टर आला आणि हँडल मारायचं थांबलं. त्या मोटरचं तत्त्व शंभर वर्षांत बदललेलं नाही. तिला शंभर-दोनशे अँपिअर करंट लागतो, तो जाड तांब्याच्या तारेतूनच यावा लागतो, आणि तार सैल असेल तर कुठलाही कॉम्प्युटर तो करंट पैदा करू शकत नाही.

आता पहिल्या मुद्द्याकडे येतो: गाडी कॉम्प्युटरवर चालते, म्हणून दोष कॉम्प्युटरच सांगेल.

गाडीच्या डॅशबोर्डखाली जी खाच असते, जिच्यात स्कॅनर लावतात, ती मुळात कशासाठी आली हे लक्षात घेतलं पाहिजे. ओबीडी नावाची ही व्यवस्था प्रदूषणावर नजर ठेवण्यासाठी आणली गेली. अमेरिकेत १९९६च्या गाड्यांपासून तिची दुसरी पिढी सक्तीची झाली. आपल्याकडे ती बीएस-फोरच्या काळात रुळली आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-सिक्सबरोबर आणखी कडक झाली. धूर वाढेल असा बिघाड झाला तर नोंद करा, दिवा लावा, हे तिचं मुख्य काम. बॅटरीच्या टोकावर पांढरा क्षार साचला, गिअरबॉक्सपासून बॉडीला जाणारी अर्थिंगची पट्टी गंजली, स्टार्टरचे कार्बन संपले, तर यांपैकी बहुतेक दोषांची स्कॅनरमध्ये नोंदच होत नाही. उलट बॅटरी उतरली असेल तर स्कॅनर गाडीशी बोलूच शकत नाही, किंवा कमी व्होल्टेजमुळे एकामागून एक डझनभर खोटे कोड दाखवतो. त्या यादीवरून सेन्सर बदलत सुटणारे लोक आहेत. त्यांचा दोष एवढाच की त्यांनी आधी मीटर लावून बॅटरी पाहिली नाही.

कोड बरोबर असला तरी तो कारण सांगत नाही, लक्षण सांगतो. डिझेल गाडी फिरते पण पेटत नाही आणि स्कॅनरवर ‘पी००८७’ येतो, असं समजा. अर्थ एवढाच की इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या नळीतला, म्हणजे रेलमधला, डिझेलचा दाब पुरेसा नाही. का नाही? फिल्टर चोंदला असेल. पाइपच्या सांध्यातून हवा धरली असेल. एखादा इंजेक्टर परतीच्या नळीत जास्त डिझेल सोडत असेल. दाब नियंत्रित करणारा व्हॉल्व्ह अडकला असेल. किंवा खरोखरच हाय प्रेशर पंप झिजला असेल. यांपैकी पहिल्या कारणाचा खर्च हजाराच्या आत-बाहेर, शेवटच्याचा दहा हजारांच्या पटीत. कोड पाचही कारणांना एकच येतो. इंजेक्टरच्या परतीच्या नळ्या चार बाटल्यांत सोडून, स्टार्टर मारून, कुठल्या बाटलीत डिझेल जास्त साठतं ते पाहणारा माणूस खरं कारण शोधतो. कोड वाचून थेट पंपाची किंमत सांगणारा माणूस अंदाज विकतो. स्कॅनर हे उत्तम हत्यार आहे. फिरत्या इंजिनाच्या रेलचा दाब आकड्यात दाखवायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. पण त्याला प्रश्न विचारावा लागतो, आणि प्रश्न माणसाच्या डोक्यातून येतो.

इथे मी पाहिलेलं एक उदाहरण सविस्तर सांगतो, कारण सगळा वाद त्यात आला आहे. एका शिक्षकांची पेट्रोल गाडी सकाळी नीट फिरत नव्हती, इंजिन ‘घुर्र... घुर्र’ करत जड फिरायचं आणि थांबायचं. शहरात नेल्यावर बॅटरी बदलली. पंधरवडा बरा गेला. पुन्हा तेच. मग स्टार्टर खोलून नवा घालायचं अंदाजपत्रक हातात पडलं. तेव्हा ते आष्ट्यातल्या एका वयस्कर वायरमनकडे आले. म्हणाले, “मामा, बॅटरी नवी आहे, तरी सेल घेत नाही.”

मामांनी मीटर काढला. बॅटरीच्या दोन टोकांवर लावला: १२.६ व्होल्ट, म्हणजे बॅटरी भरलेली. सरांना किल्ली फिरवायला सांगितली: इंजिन जड फिरत असताना बॅटरीवर ११.४. “बॅटरी झकास हाय,” ते म्हणाले. “आता करंट परत कुठनं येतोय ते बघू.” त्यांनी मीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनस शिशाच्या खुंटीवर ठेवलं, क्लॅम्पवर नाही, खुंटीवर. दुसरं टोक इंजिनच्या कोऱ्या धातूवर, जिथे रंग किंवा तेल नव्हतं. पुन्हा किल्ली. मीटरवर जवळपास तीन व्होल्ट दिसले. तिथे अर्ध्या व्होल्टच्या आत आकडा असायला हवा. याचा अर्थ स्टार्टरला जायचे तीन व्होल्ट परतीच्या वाटेवरच वाया जात होते. मामा गाडीखाली गेले. गिअरबॉक्सला बसवलेल्या अर्थिंगच्या पट्टीचा नट हातानं हलला; पट्टीचा लग हिरवा पडला होता. पॉलिश पेपरनं दोन्ही तोंडं चमकेपर्यंत घासली, नट आवळला, वरून ग्रीस लावलं. किल्ली फिरवली आणि इंजिन पहिल्या झटक्यात पेटलं. नवा पार्ट एकही लागला नाही.

या घटनेत बॅटरी बदलल्यावर पंधरवडा गाडी बरी का चालली? ताज्या बॅटरीचा जोर थोडा जास्त, त्यामुळे गंजलेल्या वाटेवरूनही इंजिन कसंबसं फिरत राहिलं. दोष झाकला गेला. ‘पार्ट बदलल्यावर गाडी चालू झाली, म्हणजे पार्टच खराब होता’ हा जो सरसकट समज आहे, तो इथे उघडा पडतो. पार्ट बदलताना टोकं उघडली जातात, घासली जातात, पुन्हा आवळली जातात. कित्येकदा गाडी सुरू होते ती या घासण्या-आवळण्यानं, आणि श्रेय व पैसे मात्र नव्या पार्टाच्या नावे जमा होतात.

मग दुसरा मुद्दा. शोधत बसण्यापेक्षा बदलणं स्वस्त, हे म्हणणं कुणाच्या हिशेबानं खरं आहे? गॅरेजवाल्याच्या. कारण आपण, म्हणजे गिऱ्हाईक, निदानाचे पैसे देतच नाही. अर्धा तास गाडीखाली झोपून मामांनी नट आवळला. सर भले, त्यांनी योग्य मजुरी दिली. पण अशा कामाला बहुतेक लोक काय म्हणतात? “नुसता नट आवळला, त्याचे एवढे पैसे?” याच माणसाला चार-पाच हजारांची बॅटरी विकली तर तो मुकाट्यानं बिल देतो, कारण हातात काहीतरी नवं आलेलं दिसतं. डॉक्टरनं तपासून ‘औषधाची गरज नाही’ असं सांगितलं तरी आपण तपासणी फी देतो. फिटरनं तपासून ‘पार्टाची गरज नाही’ असं सांगितलं तर आपण त्याला चहावर बोळवतो. मग जो धंदा पार्ट विकल्यावरच चालतो तो पार्ट विकणार, यात नवल काय? नव्या बॅटरीत नफा आहे, जुनी भंगारात जाताना शिशाचे पैसे येतात, आणि वेळ लागतो दहा मिनिटं. निदानाला वेळ लागतो आणि मोल मिळत नाही. चूक व्यवस्थेची आहे, आणि तिला खतपाणी गिऱ्हाईक घालतो.

आणि ‘स्वस्त’ हे एका बिलापुरतंही खरं नसतं. मूळ कारण राहिलं की नवी बॅटरीही मरते. आपल्याकडे हे सर्रास घडतं. मुलगा पुण्याला, गाडी दारात उभी. आठवड्यातून एकदा कुणीतरी बाजारापर्यंत नेऊन आणतो. एवढ्याशा फेरीत आठवडाभरात गेलेला करंट अल्टरनेटर धड भरून देत नाही. वर गाडीत बाहेरून बसवलेली म्युझिक सिस्टिम, जीपीएस, कॅमेरा. उभ्या गाडीनं ओढायचा करंट साधारण ५० मिलिअँपिअरच्या आत असावा लागतो. तेवढ्यावर ३५ अँपिअर-तासांची बॅटरी अर्धी व्हायला दोन आठवडे लागतात. चुकीच्या जोडणीमुळे तोच करंट अर्धा अँपिअर झाला तर दिवसाला १२ अँपिअर-तास जातात आणि बॅटरी तीन दिवसांत आडवी. बॅटरी बदला, पुन्हा तीन दिवस. मायनसच्या वाटेत अँमीटर लावून एकेक फ्यूज काढत गेलं की कुठला फ्यूज काढल्यावर आकडा पडतो ते दिसतं. चोर तिथेच असतो. हे काम पाऊण तासाचं आहे. ते न करता वर्षाला एक बॅटरी घेणारी कुटुंबं मला माहीत आहेत.

हंगामाचाही गैरसमज आहे. डिसेंबरमध्ये, ऊसतोड ऐन भरात असताना, पहाटेच्या गारठ्यात गाड्या हटून बसतात आणि सगळे म्हणतात, थंडीनं बॅटरी गेली. बॅटरी एप्रिल-मेच्या उन्हानं खाल्लेली असते. उष्णतेनं आतल्या पट्ट्या गंजतात, पाणी आटतं. थंडीत करंट द्यायची ताकद कमी होते तेव्हा ती हानी फक्त उघड होते. म्हणून तपासणी उन्हाळा संपताना करायची असते. आणि याच हंगामात ऊस तुटला की शेतातले उंदीर आसऱ्याला घराकडे, गाडीच्या बॉनेटखाली येतात. कुरतडलेली एक बारीक वायर क्रँक सेन्सरची निघाली तर इंजिन तासभर फिरवा, पेटणार नाही. अशा वेळी स्टार्टर मारताना डॅशबोर्डवरचा आरपीएमचा काटा शून्यावरून हलतही नाही, ही बऱ्याच गाड्यांत दिसणारी खूण आहे. स्कॅनरही तेव्हा बहुधा ‘पी०३३५’ दाखवेल, आणि कोडवर भरवसा ठेवणारा सेन्सर बदलेल. वायर मात्र कुरतडलेलीच राहील. उंदराच्या लेंड्या बॉनेट उघडल्यावर डोळ्यांना दिसतात.

तिसरा मुद्दा गावच्या फिटरच्या अज्ञानाचा. इथे मला दोन्ही बाजूंना बोलायचं आहे.

फिटरांच्या काही सवयी खरोखर घातक आहेत आणि त्या थांबल्या पाहिजेत. इंजिन चालू ठेवून बॅटरीचं टोक काढायचं आणि ‘गाडी चालू राहिली, म्हणजे डायनामो चांगला’ असं ठरवायचं, ही चाचणी जुन्या गाड्यांवर चालून गेली. आजच्या गाडीत बॅटरी अचानक सुटली की अल्टरनेटरचं व्होल्टेज क्षणभर कितीतरी पटींनी उसळतं आणि ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, जळू शकतो. बॅटरी जागेवर ठेवून मीटर लावा. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ व्होल्टच्या आसपास आकडा आला की अल्टरनेटर काम करतो आहे, एवढं पुरे. दुसऱ्या गाडीवरून जंप देताना तार उलटी लावणं, शेवटचं मायनस टोक उतरलेल्या बॅटरीवरच लावून ठिणगी पाडणं, हेही तसंच. ते टोक इंजिनच्या धातूवर, बॅटरीपासून दूर लावायचं, कारण चार्ज होणारी बॅटरी हायड्रोजन सोडते. कॉमन रेल डिझेलचा पाइप चालू इंजिनवर ढिला करणं तर जिवावर बेतू शकतं. तिथला दाब हजार बारच्या वर जातो. इमोबिलायझरची नवी किल्ली जोडायची असेल तर कंपनीचं उपकरण लागतं, तिथे गावात हट्ट धरू नये. एवढं सगळं मी मान्य करतो.

पण फिटरकडे उपकरण नाही याला जबाबदार कोण? २०१४च्या ऑगस्टमध्ये भारतीय स्पर्धा आयोगानं देशातल्या १४ मोटार कंपन्यांना एकूण सुमारे अडीच हजार कोटी रुपयांचा दंड ठोठावला. तक्रार होती की मूळ सुटे भाग, तांत्रिक माहिती आणि निदानाची उपकरणं या कंपन्या स्वतंत्र गॅरेजांना मिळू देत नाहीत. आयोगानं ती उचलून धरली. प्रकरण पुढे अपिलांमध्ये गेलं, पण आयोगानं नोंदवलेली वस्तुस्थिती प्रत्येक गॅरेजवाल्याला ठाऊक आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यानं २०१२ साली गाडी दुरुस्तीच्या हक्काचा कायदाच केला. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं संकेतस्थळ सुरू केलं आणि त्यात वाहनं व शेतीची यंत्रं घेतली. माहिती कुलपात ठेवायची आणि मग गावच्या माणसाला अडाणी म्हणायचं, हा न्याय नाही.

शिवाय हा भाग यंत्रांना नवखा नाही. याच सांगली जिल्ह्यात १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी माळरानावर किर्लोस्करवाडी उभी केली आणि लोखंडी नांगर गावागावांत पोचवला. कृष्णेच्या काठावर पुढे ऑइल इंजिनं धडधडू लागली. ते इंजिन हटून बसलं की शेतकरी कुणाला बोलवत नसे. डिझेलमध्ये एअर धरली आहे का, हे तो नोझलच्या पाइपचा नट ढिला करून बघायचा. फेस येणं थांबून निव्वळ डिझेलची धार लागेपर्यंत हातानं पंप मारायचा आणि नट आवळायचा. इंधन पोचतं का, हवा आहे का, दाब तयार होतो का, हा क्रम त्याला पाठ होता. आजच्या कॉमन रेल गाडीचा दाब वेगळा, हत्यारं वेगळी, पण विचाराचा क्रम तोच आहे. ज्याला तो क्रम येतो त्याला नवं हत्यार महिन्याभरात शिकवता येतं. ज्याला फक्त हत्यार येतं, त्याला क्रम शिकवायला वर्षं लागतात. आष्ट्यात अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. तिथल्या मुलांना व्होल्टेज ड्रॉप मोजायला, फ्यूज काढत गळती शोधायला, वायरिंगचा नकाशा वाचायला बसवा, आणि आठवड्यातला एक दिवस जुन्या वायरमनच्या शेजारी उभं करा. दोन्ही बाजूंना एकमेकांची गरज आहे.

आता ज्या प्रसंगी चुकीचं निदान सर्वांत महाग पडतं, तो सांगतो. २००५, २०१९, २०२१ या वर्षांत कृष्णा-वारणेच्या पुरानं सांगलीसह काठची गावं पाण्याखाली घातली. पाणी उतरलं आणि लोकांनी पहिली गोष्ट केली ती ही, की गाडीत बसून किल्ली फिरवली. ‘चालू होते का बघू’ हे वाक्य स्वाभाविक आहे, पण पुरातल्या गाडीबाबत ते घातक आहे. सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर पिस्टन वर येताना हवा दाबली जाते तसं पाणी दाबलं जात नाही. कनेक्टिंग रॉड वाकतो, कधी ब्लॉक फोडून बाहेर येतो. गाडी चिखलानं खराब झाली होती, ती आता इंजिनसकट गेली. शिवाय साध्या विमा पॉलिसीत अशा पुढे ओढवलेल्या नुकसानीची भरपाई सहसा मिळत नाही. इंजिन संरक्षणाचं वेगळं कवच घेतलेलं असावं लागतं. म्हणून पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीला किल्ली लावायची नाही. आधी बॅटरीचं मायनस टोक काढायचं. पाणी कुठवर चढलं होतं, याची खूण पाहून फोटो काढायचे. एअर फिल्टर उघडून ओला आहे का बघायचा. ऑइलची पट्टी काढायची. ऑइल दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलं आहे. मग प्लग किंवा इंजेक्टर काढून इंजिन हातानं फिरवायचं, पाणी बाहेर पडू द्यायचं. हे सगळं गावच्या जाणत्या फिटरला करता येतं, आणि त्याला स्कॅनर लागत नाही. उलट गाडी शहरात पोचेपर्यंत, ओढून नेणाऱ्यानं रस्त्यात एकदा ‘बघू’ म्हणून स्टार्टर मारला, तर शहरात न्यायला काही उरत नाही.

‘मग प्रत्येकानं मेकॅनिक व्हायचं का?’ असं कुणी विचारेल. नाही. गाडीमालकानं निदान करायची गरज नाही. निदान मागायची गरज आहे. इंजिन फिरत नाही की फिरतं पण पेटत नाही, आवाज कसा येतो, डॅशबोर्डवर किल्लीचं चिन्ह लुकलुकतं का, किल्ली ऑन केल्यावर मागच्या सीटखालून पेट्रोल पंपाची दोन सेकंदांची गुणगुण ऐकू येते का, आदल्या दिवशी काय झालं होतं, एवढं नीट सांगितलं तरी फिटरचं निम्मं काम होतं. आणि पार्ट बदलायचा प्रस्ताव आला की एक प्रश्न विचारायचा: हाच पार्ट खराब आहे हे कशावरून? उत्तर मीटरच्या आकड्यात, डोळ्यांनी दिसणाऱ्या खुणेत किंवा केलेल्या चाचणीत आलं पाहिजे. ‘या मॉडेलला हा प्रॉब्लेम येतोच’ किंवा ‘स्कॅनरवर आलं’ हे उत्तर नव्हे. बदललेला जुना पार्ट परत मागून घ्यायचा. बिलावर कारण लिहून घ्यायचं.

गॅरेजवाल्यांनाही एक विनंती आहे. दोन-तीनशे रुपयांचा साधा मल्टिमीटर आणि चांगला टेस्ट लॅम्प प्रत्येक गॅरेजात असलेच पाहिजेत, आणि तपासणीचा दर फलकावर लिहिला पाहिजे. तपासणी फी घ्यायला लाजू नका. फी न घेता तपासणारा माणूस शेवटी ती फी पार्टाच्या किमतीत वसूल करतो, आणि मग त्याच्या शब्दाला किंमत राहत नाही.

ज्यांना वाटतं की नव्या गाडीपुढे गावची बुद्धी संपली, त्यांना माझं सांगणं आहे की संपली आहे ती आपली विचारायची सवय. ती परत आणणं गिऱ्हाइकाच्या हातात आहे. कारण न सांगता पार्ट बदलणाऱ्याचं बिल प्रश्न विचारल्याशिवाय देऊ नका. आणि कारण शोधून काढणाऱ्याला, एकही पार्ट बदलावा लागला नाही तरी, त्याची पूर्ण मजुरी हातावर ठेवा.